तारवाचं बेट

"तात्या, ती पाभर ठिवा खाली आन् बसा मागं. तारू घावलं."

भागवतने मोटारसायकल बंदसुद्धा केली नव्हती. रंगनाथ सुताराने पेरणीच्या पाभरीचं लाकूड तासायचा वाकस बाजूला ठेवला, अंगावरचा भुसा झटकला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"कुठलं तारू?"

"आता कुठलं म्हंता व्हय? तुमचंच. ज्याची गोष्ट सांगून आमाला ल्हानपनी झोपू दिलं न्हाई, ते. जेशीबीनं फळी काढलीया, खिळ्यांच्या भोकांसकट. चला, लाकडातला मानूस पायजे तिथं."

रंगनाथने दार ओढून घेतलं. तो मागे बसला.

मिरजगावहून आत वळल्यावर बाभूळखेडं लागतं. देवाने या गावाला दगड, कुसळं आणि ऊन सढळ हाताने दिलं आणि पाण्याची पाळी आली तेव्हा मूठ आवळली. गावाला पाझर तलाव आहे, पण तो भरलेला पाहायला नशीब लागतं. एरवी त्यात पोरं क्रिकेट खेळतात. तलावाच्या मधोमध मुरमाचा एक लांबट उंचवटा आहे, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर. त्याला तारवाचं बेट म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की फार पूर्वी सीना नदीला इतकं पाणी असायचं की दूरदेशीचे व्यापारी मिठाची जहाजं घेऊन इथवर यायचे. एका साली मोठा दुष्काळ पडला, नदी जहाजाखालून निघून गेली आणि तारू वाळूत बसलं. आतली माणसं उतरली नाहीत. पाणी येईल, पाणी येईल म्हणत तशीच बसून राहिली आणि वर माती चढत गेली. ज्या साली खरं पाणी येईल, त्या साली तारू उठेल आणि आतली सगळी आपापल्या घरी जातील. गावात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, रंगनाथनेही नाही. पण ही गोष्ट त्याच्याइतकी रंगवून कुणी सांगत नसे. शिडाचा फडफडाट तो तोंडाने काढायचा आणि लाटा दोन्ही हातांनी.

ही झाली सांगायची गोष्ट. न सांगायची गोष्ट वेगळी होती आणि ती बायकांकडे होती.

गावात मूल मेलेलं जन्मलं, किंवा जन्मून चार दिवसांत गेलं, तर ते गेलं असं कुणी म्हणत नसे. तारवात बसलं म्हणायचं. उजाडायच्या आत त्या घरातली म्हातारी रंगनाथच्या दारात येऊन उभी राही. ती काही बोलत नसे, तो काही विचारत नसे. बाभळीची हातभर फळी घेऊन तो तासायचा, एक टोक होडीसारखं निमुळतं करायचा आणि दोन भोकं पाडून द्यायचा. त्या भोकांतून दोरी ओवून बायका ती फळी बेटावरच्या खड्ड्यात लेकराच्या अंगावर अलगद सोडत, म्हणजे कुत्री-कोल्ही उकरत नाहीत. वर माती, आणि खूण काहीच नाही. पुरताना बापाने सोबत जायचं नाही आणि कुठे ठेवलं हे जन्मात विचारायचं नाही. विचारलं तर पुढचंही तारवात बसतं, अशी समजूत. त्यामुळे गावातल्या बहुतेक पुरुषांना वाटायचं की तारवात बसणं ही नुसती बोलण्याची रीत आहे, पोर मसणवट्याच्या कडेला कुठेतरी पुरलं असेल.

रंगनाथला मात्र बेटाचं ठाऊक होतं, कारण फळ्या त्याच्या हातच्या. एक फळी त्याने स्वतःच्या लेकासाठीही तासली होती. त्याची बायको भागूबाई पुढे म्हातारी होऊन वारली, पण तिने जागा सांगितली नाही आणि त्याने विचारली नाही. पोरांना तारवाची गोष्ट सांगायची खोड त्याला त्यानंतर लागली.

तलावात जत्रा भरली होती. गाळ काढायला आलेला जेसीबी बेटाच्या कुशीला तोंड लावून उभा होता आणि माणसं मोबाईल वर धरून एकमेकांच्या पाठीवर चढत होती. भागवत गर्दी फोडत पुढे गेला. त्याने मातीने काळी पडलेली एक फळी उचलून डोक्यावर धरली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून गोल फिरला.

"बघा तात्या. हिचं टोक बघा. आन् ही खिळ्यांची भोकं."

रंगनाथने फळी हातात घेतली नाही. घ्यायची गरजच नव्हती. तिला दोनऐवजी तीन भोकं होती.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत भागवत, त्याची बायको दिपाली आणि आई लंकाबाई कोल्हारच्या बाजूला ऊस तोडायला गेली होती. दिपालीला सातवा होता. डोक्यावर मोळी असतानाच तिच्या पोटात दुखायला लागलं. मूल झालं ते रडलं नाही. मुकादमाने भागवतला सोडलं नाही, म्हणून लंकाबाईने लेकराला लुगड्यात गुंडाळलं आणि सुनेला घेऊन एसटीने गाव गाठलं. मांडीवर झोपलेलं मूल न्यावं तसं नेलं. शेजारच्या सीटवरच्या बाईने बाळाचं नाव विचारलं, तर लंकाबाईने नावही सांगितलं. पहाटे दोघी रंगनाथच्या पडवीत बसल्या होत्या. तो भोक पाडत असताना गिरमिट लाकडाच्या गाठीवर घसरलं आणि भोक भलतीकडे पडलं. दुसरी फळी घेतो, असं तो म्हणाला, तेव्हा दिपाली पहिल्यांदा बोलली.

"ऱ्हाऊ द्या तात्या. आता आनखी नका थांबवू त्याला."

तीच फळी आज त्याचा बाप डोक्यावर धरून नाचत होता. ती वर आली होती याचा अर्थ तिच्याखालचं अजून तिथेच होतं, मातीच्या पातळ थराखाली, जेसीबीच्या बकेटपासून वीतभर अंतरावर.

"चेतन, आता जरा आत घाल," भागवतने जेसीबीवाल्याला सांगितलं. "पन हळू. तारू फुटाया नको."

मग त्याने रंगनाथला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तात्या, तुमाला म्हनून सांगतो. मला जहाजाचं काय कौतिक न्हाई. पन लोक बघाया येत्याल, गाड्या येत्याल. कडंला च्याचं दुकान टाकीन. दिपालीला तिसरा लागलाय. कारखानं चालू हुत्याल तवा आठवा लागंल. ह्या बारीला मला तिला फडात न्यायाची न्हाई." त्याने हातातली फळी बगलेत धरली. "मागच्या बारीला मी संगं यायला पायजे हुतो. न्हाई आलो."

रंगनाथला त्या पोराची दया आली, आणि त्या दयेनेच त्याचं तोंड शिवलं. खरं सांगावं तर भरल्या गर्दीत बापाला लेकराची जागा कळणार. गप्प बसावं तर पुढच्या बकेटातून लेकरूच वर येणार. त्याने बांधाकडे पाहिलं. तिथे बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, एकही हसत नव्हती. दिपालीने दोन्ही हात पोटावर धरले होते. लंकाबाई त्यांच्यातून निघून सरळ त्याच्याजवळ आली. भागवत तोवर जेसीबीकडे वळला होता.

"तात्या, तुमी कायतरी बोला," ती हळूच म्हणाली. "आमी बायका बोललो तर त्याला कळंल."

बकेट उचललं गेलं. रंगनाथ जाऊन त्याच्यापुढे उभा राहिला.

"बंद कर ते."

"आवो तात्या, सरका की," गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"न्हाई सरकत. तारू-बिरू काय न्हाई हितं. ही फळी माझ्या हातची हाय. मोडकं लाकूड, वाया गेलेल्या फळ्या, समदं मी हितं आनून पुरत आलोय. घरी वाळवी लागायची म्हनून."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भागवत पुढे आला.

"काय बोलताय तात्या? आन् ही भोकं?"

"गिरमिटाची हायती. फळी पलट. मागल्या अंगाला गाठ हाय, आन् गाठीला लागून तिसरं भोक. ते चुकून पडलंय. माझ्याच हातनं."

भागवतने फळी पलटली. गाठ होती. तिला लागून भोक होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलेलं रंगनाथने पाहिलं. आपण त्याच्या चहाच्या दुकानाची चूल मांडण्याआधीच विझवली, हे त्याला कळत होतं.

"मंग गोष्ट?" भागवतने विचारलं. "तुमी सांगायचा ती?"

"पोरांना गप बसवायला सांगत हुतो. खोटी हाय."

आयुष्यात तेवढं एक वाक्य त्याला फार जड गेलं. गर्दीत आधी कुजबूज झाली, मग हसू पसरलं. म्हातारा चळला, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं की शिडाचा आवाजपण गिरमिटानंच काढायचा काय. ज्यांना त्याने मांडीवर बसवून जहाज दाखवलं होतं तेच हसत होते. रंगनाथ खाली मान घालून उभा राहिला. हसतात तोवर खणत नाहीत, एवढंच त्याच्या मनात होतं. बेटाचा नुसता मुरूम कुणाच्या शेताच्या कामाचा नव्हता. तारू नाही म्हटल्यावर खणायचं कारण उरलं नाही आणि माणसं ऊन लागतंय म्हणत पांगायला लागली.

"ल्हानपनापास्नं येड्यात काढलं आमाला," भागवत म्हणाला. बांधाशी जाऊन त्याने फळी दिपालीच्या पायाशी टाकली. "ने घरी. जळनाला हुईल."

दिपाली खाली वाकली. तिने फळी उचलली, पदराने तिच्यावरची माती पुसली. गावातल्या बायका जळण डोक्यावर नेतात. तिने फळी कडेवर घेतली, एका हाताने खालून आधार दिला, आणि दुसरा हात वरून ठेवला.

भागवतने मोटारसायकलला किक मारली होती. त्याने ती बंद केली. तो बायकोकडे बघत राहिला, मग आईकडे, मग बांधावर पदर घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडे, मग बेटाकडे. त्याचे ओठ हलले. आता हा विचारणार, असं रंगनाथला वाटलं, आणि त्याने दिपालीच्या पोटाकडे पाहून डोळे मिटले.

भागवतने विचारलं नाही.

"भाऊ," चेतनने वरून हाक दिली, "पलीकडचा गाळ घ्यायचाय. बेटावरनं काढू का गाडी? जवळ पडंल."

"न्हाई. लांबून काढ."

"लई वळसा पडंल."

"पडू दे. लांबून काढ म्हनलं ना."

जेसीबी तलावाच्या काठाकाठाने निघाला. बायका एकेक करून बांधावरून उतरल्या आणि दिपालीच्या मागोमाग बेटाकडे गेल्या. भागवत त्या बाजूला पाठ करून उभा राहिला. रंगनाथही त्याच्याशेजारी जाऊन तसाच पाठ करून उभा राहिला. दोघांपुढे तडे गेलेली कोरडी जमीन होती आणि मागून हाताने माती ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.