शिवलीलाच्या डोळ्यातला पहारेकरी

मी एक जुना पहारेकरी आहे, मित्रांनो! काठी नाही, शिट्टी नाही, आणि तुम्ही मला कधी पाहिलेलंही नाही. मी आहे आरबी नावाचा जनुक. किती जुना? माणूस जन्माला आला त्याच्याही आधीपासूनचा!

माझं काम एकच, अडवणं. पेशी एकीच्या दोन व्हायला टपलेल्याच असतात. मी दारात आडवा. "गरज आहे का? नाही? मग बस खाली!" दयामाया नाहीच. म्हणून तर तुमचं नाक नाकाएवढंच राहिलंय. त्याबद्दल कधी कुणी माझं कौतुक केलं? जाऊ द्या.

प्रत्येक पेशीत आम्ही दोघं असतो. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एक बिघडला तरी दुसरा दार धरतो. उदगीरच्या चिमुकल्या शिवलीलात मी तिच्या आईकडून, मंजुश्रीकडून आलो. वडिलांकडून, रविकिरणकडून आलेला माझा जोडीदार मात्र मोडकाच आला. नुसता नावाला उभा! रविकिरणचं नशीब, त्याच्या डोळ्यांत दुसरा कधी मोडला नाही.

मग एक दिवस डाव्या डोळ्याच्या पडद्यात, एका पेशीत माझी नक्कल उतरताना चूक झाली आणि तिथं मीही मोडलो. एकाच पेशीत, पण ती सुटली ना! दोनाच्या चार, चाराच्या आठ. शेजारच्या पेशींतून मी नुसता बघत राहिलो. दुसऱ्याचं दार मला धरता येत नाही.

पहिल्या वाढदिवसाला रविकिरणने मोबाइलवर लेकीचा फोटो काढला. फ्लॅश पडला आणि डावा डोळा मांजरासारखा पांढरा चमकला.

"अव्वा, हे बघ!" त्याने आईला हाक मारली.

आजी शांतम्माने हातच जोडले. "महादेवाचं तेज हाय लेकरात."

मग काय, गल्ली लोटली! बायका पाया पडल्या, पाळण्यात नारळ ठेवले. "आनखी एकदा चमकव की!" म्हणत फ्लॅश मारून मारून पोरीला रडवलं. जिथं मी मेलो होतो, तिथं हे हात जोडत होते!

मंजुश्री घाबरत म्हणाली, "आत्याबाई, डाव्या बाजूनं खुळखुळा धरला तर तिला दिसत न्हाई. दवाखान्यात नेऊ."

"तुझ्या माहेरात देव कुनी बघितलाय? चांगल्यात खोट काढायलीस."

"तिला आता डॉक्टरीण व्हायचंय, अव्वा," रविकिरण हसला.

असे सहा महिने गेले. डोळा लाल होऊन बाहेर आला, पोर रात्रंदिवस किंचाळू लागली, तेव्हा कुणाला देव आठवला नाही. गाडी आठवली.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर आहे. डोळा काढावा लागेल. लवकर आणलं असतं तर कदाचित वाचला असता." मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

शांतम्मा म्हणाली, "माझा थोरला. दोन वरसाचा व्हता. त्याचाबी असाच चमकायचा. देवानं आपलं लेकरू नेलं म्हनलं आमी."

"मला कधी सांगितलं न्हाईस?" रविकिरणचा आवाज फाटला.

"काय सांगू रे? देवाचं म्हनलं की झोप तरी येती."

माहेरची खोट काढणाऱ्या सासूकडे मंजुश्रीने फक्त एकदा पाहिलं.

डोळा काढला. पाया पडणाऱ्या बायका आता शिवलीला दिसली की आपली लेकरं पदराआड घेतात.

उजवा डोळा राहिलाय. त्यातल्या पेशीपेशीत मी आहे, आणि शेजारी तोच मोडका जोडीदार. मित्रांनो, तुम्हाला वाटलं असेल की मी म्हणेन, मला जपा. छे! मी कधी मोडेन ते मलाच ठाऊक नाही. माझ्यावर विसंबूच नका. फोटोत लेकराच्या डोळ्यात पांढरी चमक दिसली तर हात जोडू नका. त्याच दिवशी त्याला उचला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

मंजुश्री विसंबत नाही. दर महिन्याला ती कुणाला न विचारता लेकीला घेऊन तपासणीला निघते. आत्ताही दोघी बसमध्ये आहेत. शिवलीला खिडकीतून म्हशी बघते आहे, खिदळते आहे. तिला सगळं दिसतंय.

आज तरी.