वाणात दिलेली केशर

आमच्या घरात मासा ताटात येत नाही. कोलकात्यात आल्यापासून लोक यावरून आमची कीव करतात, भाजीवालासुद्धा. तरी मासे घरात शिरायचे ते शिरलेच, आणि त्यांना सांभाळायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

माझा मुलगा क्षितिज बँकेत आहे, म्हणजे दर तीन वर्षांनी आमचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. कोची झालं, गुवाहाटी झालं, आता हे सॉल्ट लेक. सून गौरीही सेक्टर फाइव्हला नोकरीला जाते, म्हणून मी आणि आमचे हे, श्यामसुंदरराव, दोघंही त्यांच्या मागोमाग हिंडतो. नात आभा अकरा वर्षांची आहे. पोरीची मराठी जरा लंगडते, पण बाकी सगळ्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. हट्टी आहे असं हे म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघतात.

आभाच्या टॅबवर एक खेळ आहे. काचेची टाकी, त्यात खोटे मासे, पण नखरे अगदी खऱ्यांचे. खायला उशीर झाला की रुसतात, जास्त झालं की पाणी नासतं आणि आजारी पडतात. तिच्या शाळेची सहल शांतिनिकेतनला निघाली, तिथे टॅब न्यायला बंदी. मग माझी शिकवणी सुरू झाली.

आधी झाडं, मग मासे, हा म्हणे पहिला नियम. हौसेने पहिल्याच दिवशी भारीतला मासा आणला की टाकी बुडालीच. पाणवनस्पती वाढू द्यायच्या, पाणी मुरू द्यायचं. खेळात मोती मिळतात, ते राजवाडा न् गलबतं घेऊन उडवायचे नाहीत, पाणी गाळायचं यंत्र आधी चांगलं घ्यायचं. लाजाळू माशाला लपायला गुहा द्यायची, नाहीतर तो झुरतो. मोठ्या तोंडाचा मासा कितीही गरीब दिसला तरी बारक्यांबरोबर ठेवायचा नाही. काच आपण सारखी घासायची नाही, गोगलगायी सोडायच्या, त्या निवांत चाटून साफ करतात. मी म्हटलं, अगं, हा तर संसारच आहे, यात नवीन काय सांगितलंस? तर तिने मला सगळं पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. खाणं चिमटीनेच घालायचं आणि अजिबात आग्रह करायचा नाही, हे मात्र तिने फार बजावून सांगितलं. आजीला ती पुरती ओळखून आहे.

टाकीत एक जोडी होती, नारिंगी केशर आणि हिरवट पिस्ता. ही जात खेळात फार दुर्मीळ. दोघं एकत्र राहिली, पाणी नितळ राहिलं, तर त्या महिन्यात अंडी घालणार होती, आणि आभाने त्यासाठी दिवाळीपासून जीव ओतला होता. बाकीचे मेले तरी चालतील, या दोघांना जप, असं ती म्हणाली आणि लगेच टॅबकडे तोंड करून बाकीच्यांना सॉरी म्हणाली.

टाकीच्या एका कोपऱ्यात छोटंसं दार काढलेलं होतं, त्याला कुलूप. ते का, म्हणून मी विचारलं.

"ते उघडलं की जवळपासची मुलं टाकी बघायला येतात. मग फ्रेंडशिप होते. मग पप्पांची बदली होते," आभा म्हणाली.

उद्याचं वेळापत्रक सांगावं इतक्या शांतपणे म्हणाली हो. गुवाहाटीहून निघताना शेजारच्या मैत्रिणीच्या गळ्यात पडून ती किती रडली होती, ते मी बघितलेलं. आधी रोज फोन, मग आठवड्याने, मग वाढदिवसाला, मग तोही नाही. इथे आल्यापासून खाली मुली खेळत असतात आणि ही गॅलरीत उभी राहून बघते. मला दुसरी कसली काळजी नव्हती त्या दिवसांत. हिला या गावात एक, फक्त एक मैत्रीण मिळावी, एवढंच मी देवापाशी मागत होते.

आभा सहलीला गेली. मी चिमटीने खाणं घातलं, आग्रह केला नाही, गोगलगायींच्या कामात नाक खुपसलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली. देवापाशी निरांजन लावलं, सवयीने घराचं दार थोडं उघडलं आणि टॅब घेऊन बसले. आणि नजर गेली ती त्या कुलपाकडे. तिन्हीसांजेला दार लावून ठेवलेलं मला आयुष्यात खपलेलं नाही. लक्ष्मी यायच्या वेळेला कुलूप? काढलं मी ते. अशी काय मोठी चोरी होणार होती त्या पाण्यातून!

थोड्याच वेळात टिंग करून घंटा वाजली आणि टाकीत नूपुर नावाची कुणी पाहुणी आली. टाकीभर हिंडली, एका कोपऱ्यात शेवाळं राहिलं होतं ते पुसून दिलं, वाळूवर एक शंख ठेवला आणि उभी राहिली.

आता माझी परिस्थिती समजून घ्या. संक्रांत होऊन गेलेली, रथसप्तमी तोंडावर आलेली. वाण लुटायला म्हणून मी चहाच्या गाळण्या आणून ठेवलेल्या, आणि हळदीकुंकवाला बोलवायला बाई नाही. ओळखीची उषा बेहालाला राहते. ती येते येते म्हणाली आणि एवढं लांब जमत नाही म्हणून राहिली. राहू दे, गाळण्या पुढच्या बदलीच्या गावी चालतील, असं हे म्हणाले. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नव्हते. आणि अशात ही पाहुणी आपणहून दारात आलेली, वर काम करून, शंख ठेवून. तिला रिकाम्या हाताने पाठवू?

भेट द्यायचं बटण होतं. आधी वाटलं, एखादं झाडबीड द्यावं. पण द्यायचं तर चांगलं द्यावं, अडगळीतलं देऊ नये, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. टाकीत सगळ्यात देखणी केशर. दिली मी केशर. जोडी होती हे मला दिसत नव्हतं असं नाही, पण वाणात दिल्याने कधी काही कमी होत नाही असं मी लहानपणापासून ऐकलेलं. वाटलं, या खेळातही तसंच असेल. सोबत दोन ओळी लिहायची सोय होती. मी हिंदीत लिहिलं, तिळगूळ घ्या, गोड बोला, कधीतरी घरी या, सी ब्लॉक, तिसरा मजला.

केशर शेपटी हलवत दारातून निघून गेली. पिस्ता दारापर्यंत तिच्या मागे गेला, तिथे थोडा घोटाळला आणि गुहेत जाऊन बसला. चिमटीने घातलं, हलला नाही. शेवटी आग्रहही करून बघितला, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभा परतली. आल्या आल्या बूट न काढता टॅब उघडला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दिलेला मासा परत मागता येत नाही, आणि ज्याला मिळाला त्यालाही महिनाभर परत देता येत नाही, असा तिथला कायदा निघाला. आभा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टॅब पालथा घातला आणि कपाटाला पाठ टेकून खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. गौरी आली, तिने मला वेगळंच झापलं, अनोळखी माणसाला घरचा पत्ता लिहून देतात का. तिचंही बरोबरच होतं. मी कुणापुढे नमतं घेणारी बाई नाही, पण त्या दिवशी नातीच्या शेजारी फरशीवर बसले, गुडघे दुखतात तरी.

"चुकलं माझं, आभा. मला वाटलं, कुणीतरी आलंय तुझ्याकडे," मी म्हणाले.

ती उठून गेली नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आभाच्याच वयाची एक मुलगी, दोन वेण्या, एका काखेत टॅब, दुसऱ्या हातात झाकलेली स्टीलची वाटी. मागे तिची आजी, लाल काठाच्या पांढऱ्या साडीवर शाल, जिना चढून दमलेली. समोरच्या डी ब्लॉकमधली मंडळी. मुलीने मला ठाम्मा म्हणून हाक मारली, इथली मुलं आजीला म्हणतात तशी, आणि आपलं नाव नूपुर असल्याचं सांगितलं. वाटीत नारळाचं सारण भरलेला पाटिसापटा होता, त्यांच्या संक्रांतीचा. निमंत्रण आलं म्हणून आम्ही आलो, असं तिची आजी मोडक्या हिंदीत म्हणाली. गौरीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

नूपुर मात्र कावरीबावरी झालेली होती. केशर तिच्याकडेही काही खात नव्हती. परत पाठवायचं तिने खूप बघितलं, खेळ पाठवू देत नाही. पण एक उपाय तिला ठाऊक होता. दोन टॅब कडेला कड लावून ठेवले, दोघांची दारं उघडी असली, तर मधली काच जाते आणि दोन टाक्यांची एक जोडटाकी होते. मात्र टॅब शेजारी असेपर्यंतच.

आभाला खेळातली खडान्‌खडा माहिती, आणि हे तिच्या गावीही नव्हतं. कसं असणार? कुलूप लावून बसलेल्याला ती सोयच दिसत नाही. ती डोळे पुसून उठली आणि जेवणाच्या टेबलावर टॅब आणून ठेवला. नूपुरने आपला त्याला लावला. मधली रेघ पुसली गेली. पिस्ता गुहेतून डोकावला, आणि असा सुसाट सुटला म्हणता, की वाटेतल्या दोन गोगलगायी उलट्या पडल्या. आभा खळखळून हसली. या गावात आल्यापासून ती असं हसलेली मी ऐकलं नव्हतं. आमचे हे वर्तमानपत्राआडून नाक पुसत होते. वर सर्दी झाली म्हणाले.

मी दोन्ही स्त्रियांना, म्हणजे आजीला आणि नातीला, हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, गाळणी दिली. नूपुरच्या आजीने गाळणी उजेडाकडे धरून बघितली आणि आपली घरची कालच तुटली असं सांगितलं. खरं की खोटं देव जाणे, पण बाई मला पहिल्या भेटीतच आवडली. वाटी रिकामी पाठवायची नाही, म्हणून तिच्यात गुळाच्या पोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, तीही भरलेली.

अंडी हवीत तर टाक्या रोज संध्याकाळी जोडायला हव्यात, असं दोघींनी ठरवलं. मग नूपुर रोज येऊ लागली. टॅब टेबलावर गळ्यात गळे घालून पडलेले आणि या दोघी भलतीकडेच, कधी गॅलरीत, कधी खाली बॅडमिंटनला. आभा माझ्यासमोर बंगालीत भांडायला शिकली. नूपुर आमच्याकडे वरणभात जेवते आणि तुमच्या घरी फक्त मासा कमी आहे असं सांगते. पुढे अंडी झाली, पिल्लं झाली. नारिंगी, हिरवी, ठिपक्याठिपक्यांची, नुसता गोंधळ. त्या दिवशी माझ्याकडून शिऱ्यात साखर जास्त पडली, तरी सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला.

आणि मग महिना भरला. मला तारीख माहीत होती, आणि खरं सांगू, तिची मला धास्ती होती. केशर परत आली की हिशेब मिटला. मग त्या मुलीने रोज जिने चढावेत तरी कशाला? नूपुर आली, टॅब उघडला, केशरवर बोट ठेवलं. परत द्यायचं बटण उजळलं.

आभाने तिच्या बोटावर आपला हात दाबून धरला.

"नको देऊस. ती इकडे आली तर तू कशाला येशील?" ती म्हणाली.

हे ती हिंदीत म्हणाली, मी मराठीत सांगते. नूपुरने केशरवरचं बोट उचललं. मग टॅब बंद केला, काखेत मारला, आणि दोघी धडधड जिना उतरून खाली पळाल्या.

टेबलावर आभाचा टॅब तसाच उघडा होता. संध्याकाळ होत आली होती. मी बघितलं, कोपऱ्यातलं दार सताड उघडं होतं, आणि पिस्ता दारापाशी निवांत फिरत होता. मी त्याला चिमटीभर खाणं घातलं. खाल्लंन्‌ त्याने. मग डी ब्लॉकची वाटी घासून ठेवली होती ती घेतली आणि तिच्यात काय घालावं ते बघायला डबे उघडले.