पहिला घाव

थोरलीने चौथे लाकूड अप्पांच्या मांडीवर आडवे ठेवले आणि त्याच्या टोकावरचा हात काढला नाही. अप्पांनी बोटाच्या पेराने त्यावर दोनदा ठोकले, डोळे मिटले, मान तिरकी केली.

"फेक," ते म्हणाले. "बद्द वाजतंय. हिच्या डोक्यासारखं."

समोर बाकावर बसलेला मुकादम मनापासून हसला. थोरलीने लाकूड उचलून शेगडीजवळच्या ढिगावर टाकले. तिचा धाकटा भाऊ दाराशी उभा होता. नवे बूट भुशात भरू नयेत म्हणून त्याने पाय उंबऱ्याबाहेरच ठेवले होते.

मुकादमाच्या हाताखाली लाकूडतोड्यांची टोळी होती. टोळीच्या कुऱ्हाडी या कारखान्यातच दुरुस्त होत, पण आज त्याने वडिलांची जुनी कुऱ्हाड आणली होती, आणि तिचा दांडा खुद्द अप्पांनी निवडावा असा त्याचा हट्ट होता. अप्पांना लाकूड ऐकू येते, अशी ख्याती होती.

ख्यातीत तथ्य होते ते एवढेच की ओले लाकूड बद्द वाजते, आतून तडकलेले खरखरते आणि सुके खणखणते. दांडा टिकणार की नाही हे मुख्यतः लाकडाच्या रेषांवर ठरते. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जायला हव्यात. वाटेत कुठे तिरप्या होऊन बाजूने बाहेर पडल्या, तर दांडा तिथेच तुटतो. रेषा वाजत नाहीत. त्या पाहाव्या लागतात, आणि अप्पांना चष्म्याशिवाय जवळचे दिसत नसे, आणि चष्मा ते गिऱ्हाइकासमोर लावत नसत.

शिवाय अप्पा आता जवळजवळ बहिरे होते. समोरून, तोंड उघडून, मोठ्याने बोललेले त्यांना समजे. हे घरात कोणी उच्चारलेले नव्हते. "पुटपुटू नकोस, तोंड उघडून बोल," असे ते थोरलीला येता-जाता सुनावत, आणि दोष तिच्या तोंडाचा ठरे.

थोरलीला हे कळले ते नडगीवरून. नवा दांडा बसवला की पहिले काही घाव मालकाने गिऱ्हाइकासमोर घालायचे, ही कारखान्याची रीत होती. लाकूड ज्याने निवडले, त्याच्याच अंगावर त्याची परीक्षा. अप्पांचे गुडघे गेल्यापासून निवड त्यांच्याकडे राहिली आणि घाव थोरलीकडे आले. अप्पांनी "ठेव" म्हटलेला एक दांडा असाच मधोमध तुटला आणि पाते उसळून तिच्या नडगीवर आले. हाड वाचले. "मारायची रीत नाही हिला," अप्पा गिऱ्हाइकाला म्हणाले होते.

त्यानंतर वाईट लाकूड देताना तिचा हात त्यावर रेंगाळू लागला. चांगले असले की ती ते ठेवून मागे सरे. सुरुवातीला हे आपोआप होत होते. मग अप्पांची पारख पुन्हा सुधारली, तेव्हा तिने ताडून पाहिले. एकच लाकूड सकाळी हात न काढता दिले: फेक. दुपारी तेच ठेवून मागे सरली: ठेव, राखून ठेव हे. दुसऱ्या लाकडावर तिने हेच उलट्या क्रमाने केले. निष्कर्ष बदलला नाही.

म्हणजे दांडे तीच निवडत होती. अप्पा नकळत तिचा हात वाचत होते, असे तिने धरून चालले होते. 'नकळत' या शब्दाला पुरावा नव्हता. तो तिने स्वतःच्या सोयीने घातला होता.

"आता हा आला ना," अप्पांनी धाकट्याकडे हनुवटी उडवली. "शोरूममध्ये लोकांच्या सोफ्यांवरची धूळ झटकत होता. म्हटलं, ये बाबा, आपलं सांभाळ. आजपासून कारखाना त्याचा."

मुकादमाने थोरलीकडे पाहिले. "आणि बाई? इतकी वर्षं तर सगळं याच बघतात."

"ती सासरहून परत आलेला माल. गोदामात पडून असतो म्हणून दुकान काय त्याच्या नावावर करतात?"

या वेळी मुकादम हसला, पण उशिरा. धाकटा बुटांकडे पाहत राहिला.

"अप्पा, काहीतरीच काय," तो म्हणाला. अप्पा दुसरीकडे पाहत होते.

"उद्यापासून घरात बस, थोरले. विश्रांती घे. हे हत्यारांचं काम बाईमाणसाचं नाहीच."

थोरलीने पात्याची धार अंगठ्याने चाचपली. मुकादमाची कुऱ्हाड तिच्याच हातून नवी झालेली होती. पात्यात अडकलेला जुन्या दांड्याचा कुजका तुकडा तिने पोखरून काढला होता, गंज सिरक्यात भिजवून सोडवला होता. कोणी तरी हातोडीसारखी वापरून पाठ चेपवली होती, ती कानशीने सरळ केली होती. धार तिने ओल्या दगडावर हातानेच लावली. यंत्राच्या चाकावर धरली असती तर तापून पोलादाचे पाणी उतरले असते, धार मऊ पडली असती. उरला होता तो दांडा.

तिने पाचवे लाकूड उचलले. तुतीचे होते, सुके, गुळगुळीत, दिसायला देखणे. पाते बसेल त्याच्या वीतभर खाली रेषा तिरप्या होऊन बाजूने निघून गेल्या होत्या. प्रत्येक खेपेत असे एखादे असतेच. ते तिने अप्पांच्या मांडीवर ठेवायला हवे होते, आणि हात काढायला नको होता.

तिने ते अप्पांच्या खुर्चीशेजारी तिपाईवर ठेवले आणि पाठ वळवून कानस पुसायला घेतली.

मागे ठोकल्याचा आवाज आला नाही. बराच वेळ आला नाही. तिने मान वळवली. अप्पा लाकडाकडे पाहतच नव्हते. ते तिच्या हातांकडे पाहत होते, उघड, एखाद्या घड्याळाकडे पाहावे तसे. मग तिच्या पायांकडे, मग चेहऱ्याकडे. त्यांच्या ओठांच्या कडा सैल पडल्या होत्या. तिने हे तोंड यापूर्वी पाहिलेले नव्हते, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागला नाही. त्यांना सारे माहीत होते. पहिल्यापासून.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि कानस पुसत राहिली.

"काय म्हणतंय लाकूड?" मुकादमाने मोठ्याने विचारले.

अप्पांनी ते उचलून ठोकले. लाकूड खणखणले, ते सुकेच होते. त्यांना ते ऐकू आले असते तरी निकाल तोच लागला असता.

"ठेव," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा चढा होता.

दांडा तासून, घासून, पात्यात बसवून पाचर ठोकेपर्यंत दुपार कलली. ते काम थोरलीनेच केले, आणि नीट केले. वीतभर खालची जागा जवसाच्या तेलाखाली आणखी देखणी दिसू लागली. या सगळ्या वेळात अप्पा खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांची नजर तिच्या बोटांमागे फिरत होती. बोटे कुठेच थबकली नाहीत.

अंगणात ओंडका मांडला होता. अप्पांची खुर्ची धाकट्याने त्यांच्या सांगण्यावरून नेहमीच्या जागी, ओंडक्यापलीकडे अगदी समोर नेऊन ठेवली. घावाच्या वेळी दांडा काय बोलतो ते जवळूनच ऐकू येते, असे अप्पा गिऱ्हाइकांना सांगत.

धाकट्याने कुऱ्हाड घेतली आणि खांद्यावर टाकून पाहिली.

"ताई, हे सोफ्यापेक्षा जड आहे गं."

"बूट काढ ते," मुकादम म्हणाला. "नवरदेव दिसतोस. आणि पाय फाकव, नाहीतर स्वतःलाच तासशील."

धाकटा हसत पाय फाकवून उभा राहिला. लहानपणी झोक्यावर चढताना तो असाच उभा राहत असे. थोरलीने त्याच्या नडग्यांकडे पाहिले. सकाळपासून तिने काहीच ठरवलेले नव्हते. पण त्याने घाव घालायच्या आत आपण बोलणार, एवढे तिला आता लख्ख समजले. तिने एक पाऊल पुढे टाकले आणि तोंड उघडले.

"थांब," अप्पा म्हणाले.

ती थांबली. पण ते तिच्याशी बोलत नव्हते.

"बाळ, थांब तू. खाली ठेव ती." अप्पांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट बसले होते. "आधी हिला मारू दे."

"अहो पण रीत तर मालकाची ना?" मुकादम म्हणाला. "आता मालक हा."

"उद्यापासून. आज ही आहे अजून." अप्पांनी हसण्याचा प्रयत्न केला. "तुझं काही बिघडलं तर, बाळ, मी कुणाच्या तोंडाकडे पाहू? दे तिला."

धाकट्याने बहिणीकडे पाहिले, खांदे उडवले आणि कुऱ्हाड पुढे केली. अप्पा खुर्चीत पुढे झुकले होते. त्यांचे डोळे पुन्हा तिच्या हातांवर होते, आणि आता त्यांना लपवण्यासारखे काही उरले नव्हते. ती घेते की नाही, यावरून त्यांना लाकूड कळणार होते. एवढ्यासाठीच कुऱ्हाड तिला दिली जात होती.

उघडलेले तोंड तिने मिटले. कुऱ्हाड तिने घेतली. लगेच घेतली, कचरली नाही. एक हात दांड्याच्या टोकाशी धरला, दुसरा पात्याजवळ, त्या जागेच्या वर.

अप्पांचे खांदे खाली आले. ते खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला आणि त्याबरोबर ख्यातीही.

"पाहिलंत?" ते मुकादमाला म्हणाले. "मी ठेव म्हटलं की ठेव. आमचा कान आहे."

थोरली ओंडक्याशी गेली. तिने उभे राहायची जागा एकदा पाहिली आणि ओंडक्यापासून थोडी मागे सरून उभी राहिली. ओंडक्याच्या पलीकडे, सरळ रेषेत, खुर्ची होती.

ती खाली वाकली, पात्यावरचा भुसा फुंकला आणि तसेच वाकलेल्या तोंडाने, स्वयंपाकघरात कोणाला पाणी हवे का विचारावे अशा आवाजात म्हणाली,

"समोरून बाजूला व्हा सगळे. अप्पा, खुर्ची मागे घ्या जरा."

मुकादम भिंतीकडे सरला. धाकटाही बूट सांभाळत सरला. अप्पांनी तिरक्या मानेने, डोळे मिटून, ऐकत असल्यासारखी मान डोलावली. खुर्ची जागची हलली नाही.

तिने कुऱ्हाड डोक्यावर नेली.