ॲलर्जीचा रकाना

दवाखान्यातल्या ताईंनी अकरा वर्षं एक पाप केलं, आणि ते इतकं उपयोगी पाप होतं की खुद्द डॉक्टरही त्यात सामील होते.

ताई म्हणजे बाहेर काउंटरवर बसून नंबर देणाऱ्या. दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा प्रत्येक पेशंटच्या पानावर 'ॲलर्जी' असा एक रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय मेला कॉम्प्युटर पुढे सरकायचाच नाही. आता बहुतेकांना कसली आलीय ॲलर्जी? मग ताई तिथं त्या माणसापुढे कुठला विषय काढायचा नाही, ते लिहायला लागल्या. मास्तर : 'वय'. शिंपीकाका : 'धाकटा जावई'. डॉक्टर आधी रकाना वाचायचे, मग तोंड उघडायचे. लोक म्हणायचे, काय मनकवडा माणूस! गर्दी तर अशी वाढली की रांगेतल्याचा ताप नंबर येईपर्यंत उतरून, गावाला जाऊन, परत यायचा.

मग वरून हुकूम आला. दवाखान्यातली नोंद आता समोरच्या मेडिकललाही दिसणार. चांगलंच की. दोघांनी एकच पान बघितलं तर चुकीची गोळी जात नाही. पण त्या मेडिकलमध्ये होते नियमराव. या माणसानं सख्ख्या बायकोला चिठ्ठीशिवाय खोकल्याचं औषध दिलं नव्हतं. ती बिचारी सहा महिने खोकली.

पहिल्याच सकाळी दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला वयाची ॲलर्जी आहे. कधीपासून?"

"साठीपासून," मास्तर म्हणाले.

ही बातमी रस्ता ओलांडून आली तेव्हा ताई पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांनी मेडिकलला गेलेल्या चिठ्ठ्यांची यादी बघितली आणि हसायच्या थांबल्या. यादीत त्यांच्या सासूबाईंचं नाव होतं, आणि पुढे सल्फाची गोळी.

सल्फा सासूबाईंना चालायची नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गोळीनं त्यांचा चेहरा भोपळ्याएवढा सुजला होता, श्वास अडकला होता, चार दिवस ऑक्सिजनवर होत्या. नेहमीच्या डॉक्टरांना ते तोंडपाठ होतं. पण ते होते रजेवर, आणि बदलीचे डॉक्टर पडद्यावर दिसेल तेवढंच जाणणारे. पडद्यावर काय होतं? सासूबाईंचं पान भरलं त्या दिवशी घरात पंख्यावरून कडाक्याचं वाजलं होतं. ताईंनी रागाच्या भरात रकान्यात 'सून' लिहिलं. सल्फाचं नंतर लिहू म्हणाल्या, आणि ते राहून गेलं.

ताई आत धावल्या. "डॉक्टर, तुम्ही आमच्या सासूबाईंना विचारलं नाहीत, काय चालत नाही ते?"

"विचारलं की! त्या म्हणाल्या, 'कॉम्प्युटरमध्ये आहे सगळं. माझ्या सुनेनं स्वतः लिहिलंय, ती चुकायची नाही.'"

मेडिकलचा फोन लागेना. ताई धावत सुटल्या. एक चप्पल दवाखान्याच्या पायरीवर राहिली, ती राहिलीच.

दुकानात सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. गोळ्यांचं पाकीट नियमरावांच्या तळहाताखाली होतं, आणि चौकशी रंगात आली होती.

"आजी, इथं 'सून' लिहिलंय. हे काय असतं?"

"असतं एकेकाच्या घरी."

"त्रास काय होतो? पुरळ? धाप?"

"अंगाची आग होते. मला न विचारता पंखा बंद करते ना, तेव्हा जास्त."

"आई, ती गोळी घेऊ नका! सल्फा आहे!" ताई दारातूनच ओरडल्या.

"नोंदीत सल्फा नाही," नियमराव म्हणाले.

"नाही, कारण मी लिहिलंच नाही!" आठ गिऱ्हाइकांसमोर ताई धापा टाकत सांगायला लागल्या. "सल्फाच्या जागी मी सून लिहिलं. आपलं भांडण झालं होतं, आई."

सासूबाईंनी त्यांच्याकडे टक लावून बघितलं. "म्हणजे मला मारायला टपली होतीस होय गं?"

"नाही हो! डॉक्टरांनी तुमच्यापुढे माझा विषय काढू नये, एवढ्यासाठीच..." ताईंना रडूच फुटलं.

"अगं बाई! तरीच! अकरा वर्षं मी तुझं गाऱ्हाणं सुरू केलं की तो मेला म्हणायचा, आजी, जीभ दाखवा!"

अख्खं दुकान हसलं. नियमराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी बदलीच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी बदलून घेतली, सल्फा तीव्र अशी नोंद करून घेतली. मग म्हणाले, "आता 'सून' काढून टाकतो."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "खोटं कुठंय ते?"

"मग प्रमाण सांगावं लागेल. तीव्र, मध्यम की सौम्य?"

सासूबाईंनी सुनेचा धुळीनं भरलेला अनवाणी पाय बघितला.

"सौम्य लिही," त्या म्हणाल्या. "पण कंसात टाक, पंखा बंद केला तर मध्यम."