किटलीची गुंडी

हात्सुएबाईंनी बाही कोपराच्या वर सारली आणि उघडा हात भाज्या मुरवायच्या पिंपातल्या तांदळाच्या ओल्या कोंड्यात खुपसला. आंबट, कुबट वास स्वयंपाकघरभर पसरला. लोणच्याच्या वर्गाला आलेले बाकीचे तिघे कौतुकाने पुढे वाकले. कानाए मात्र मागे सरली. नाकाला रुमाल लावायचा मोह तिने कसाबसा आवरला.

“हातमोजे घालायचे नाहीत,” हात्सुएबाई म्हणाल्या. “आपल्या हाताचं जे असतं ते कोंड्यात उतरतं. म्हणून तर घराघरातल्या लोणच्याची चव वेगळी. आईच्या हातची चव म्हणतात ती हीच.”

कानाएने रुमाल मुठीत आवळला. आता वासाने नव्हे, त्या शब्दाने. ही बाई तिच्या नवऱ्याची, कोहेईची आई होती. तो नऊ वर्षांचा असताना अवजारं विकत फिरणाऱ्या एका माणसाबरोबर निघून गेली, ती गेलीच. साधं पत्र नाही. आणि आता शिमाने प्रांताच्या डोंगरातल्या या शेतघरात पांढरा अ‍ॅप्रन बांधून, वर तोंड करून, शहरातल्या लोकांना आईच्या हातची चव शिकवत होती.

वर्गाची जाहिरात वर्तमानपत्राच्या पुरवणीत नावानिशी, फोटोसकट आली होती. कोहेईने ती पाहिली, त्याच कागदात मुळ्याची सालं गुंडाळली आणि बोळा कचऱ्यात टाकला. कानाएने तो बाहेर काढला आणि माहेरच्या आडनावाने नाव नोंदवलं.

तिला एवढंच हवं होतं, की या बाईला कळावं. तू घरात टाकून गेलीस ते लोणच्याचं पिंप कुजलं नाही, एका पोराने त्यात रोज हात घातला, हे कळावं. आणि कळल्यावर त्या पोराबद्दल हिला कणभरही काही मिळू नये.

खरं तर त्या पिंपाचा तिला स्वतःलाही तिटकारा होता. लग्न झाल्यापासून रोज सकाळी कोहेई कोंडा ढवळायचा आणि कितीही साबण लावला तरी तो वास बोटांना राहायचा. रोज ढवळला नाही तर कोंडा नासतो, म्हणून त्या पिंपापायी कधी दोन दिवस गावाला जाणं झालं नाही. तिने आजवर त्याला बोटही लावलं नव्हतं.

“घरचा कोंडा कोणी कोणी आणलाय?” बाईंनी विचारलं.

निवृत्त पोस्टमास्तर नागाओंनी डबा उघडून पुढे केला.

“बायको म्हणाली, या घरात एक तर हे पिंप राहील नाहीतर मी,” ते म्हणाले. “पिंप छान आहे अजून.”

त्यांच्या शेजारच्या दोघी बहिणी तोंडावर हात ठेवून हसल्या. हात्सुएबाईही हसल्या. कानाए त्यांच्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहिली. लाज कशी वाटत नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

नागाओंनी तुलना करायला म्हणून स्वतःच्या डब्यातली बोटं तशीच बाईंच्या पिंपाकडे नेली. बाईंनी चटकन त्यांचं मनगट धरलं.

“आधी हात धुवा. एका घरचा हात दुसऱ्या घरच्या पिंपात कधी घालायचा नाही. जमलेलं पिंप बिघडतं.”

मग त्यांनी पिंपातून एक गंजका खिळा काढून दाखवला. “हा वांग्यांसाठी. लोखंड असलं की वांग्याचा जांभळा रंग टिकतो. वांगी घालत नसाल तर ठेवू नका, उगीच अडगळ.”

कानाएने आपला डबा उघडला आणि त्यांच्यासमोर सरकवला. कोंड्याच्या तळाशी तिने मुद्दाम एक वस्तू ठेवली होती. ती हात्सुएबाईंच्या वेळेपासून कोहेईच्या पिंपात होती, तिथून चिमट्याने उचलून आणली होती.

बाईंनी कोंड्याचा वास घेतला. “छान सांभाळलाय,” म्हणत त्यांनी धुतलेला हात आत घातला आणि तो आतच थांबला. मग त्यांनी बोटांत धरून ती वस्तू अर्धी वर आणली. जुन्या किटलीच्या झाकणाची लोखंडी गुंडी होती, एका बाजूने टवका गेलेली. त्यांनी ती लगेच परत आत दाबली.

“कोण ढवळतं हे?”

“माझा नवरा.”

“कोणी शिकवलं त्यांना?”

“कोणी नाही,” कानाए म्हणाली. “घरातलं माणूस निघून गेलं, पिंप मागे राहिलं. कुजू नये म्हणून लहानपणीच हात घालायला लागला.”

“अरेरे,” नागाओ म्हणाले.

 हात्सुएबाईंनी हात बाहेर काढला, फडक्यात गुंडाळला, आणि बोट कापलंय असं सांगून पुढचा सगळा वर्ग एका हाताने घेतला. काकड्या बहिणींनी चिरल्या, भात नागाओंनी वाढला. नाटकी बाई, कानाए मनात म्हणाली. आंबवलेल्या सोयाबीनचं, मिसोचं सूप तिने तसंच बाजूला सारलं. बाई मात्र आपली वाटी रिकामी करून पाहुण्यांना आणखी हवं का विचारत होत्या. आपण ठरवल्याप्रमाणे केलं, आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नुसती किळस वाटत होती.

बस यायला वेळ होता. थांब्यावर पोचल्यावर कानाएच्या लक्षात आलं, की डब्याचं झाकण ओट्यावरच राहिलं. ती परत फिरली. मागचं दार उघडंच होतं.

हात्सुएबाई पिंपासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. फडकं सोडून बाजूला टाकलेलं होतं. तो न धुतलेला हात, बोटांना कोहेईचा कोंडा चिकटलेला, त्यांनी कोपरापर्यंत स्वतःच्या पिंपात घातला आणि तळापासून ढवळू लागल्या.

कानाएला शिसारी आली. चोरी होती ती. तिच्या डोळ्यांदेखत ही बाई कोहेईचा हात आपल्या पिंपात कालवून घेत होती. तिने झाकण उचलून मुद्दाम ओट्यावर आपटलं.

बाईंनी मागे पाहिलं नाही. हातही काढला नाही.

“वांग्यांना रंग चांगला येत असेल ना?” त्यांनी विचारलं. “त्या गुंडीने?”

“आमच्याकडे वांगी घालतच नाहीत,” कानाए फटकन म्हणाली. “त्याला वांगं समोर चालत नाही. लहानपणापासून.”

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. वांगी नाहीत, तरी गुंडी इतकी वर्षं पिंपातच होती.

ढवळणारा हात थांबला. बाईंनी मान आणखी खाली घातली.  खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. कानाएने डबा छातीशी धरला आणि त्यावर झाकण दाबलं, पण ते नीट बसेना. आत गुंडी आडवी आली होती. तिने पुन्हा दाबून पाहिलं. मग बोटं कोंड्यात घातली आणि ती गुंडी नीट तळाशी बसवली.