चालता चालता सारंग

अपेक्षाला नवरा एका बैठकीत पसंत पडला, पण तिच्या लग्नात वाजवायचं काय, हे महिनाभर ठरेना. चर्चच्या गायकवृंदाची मी प्रमुख, शिवाय नवरीची आत्या. म्हणजे हे लोढणं माझ्याच गळ्यात. फादरांची अट एकच होती, सिनेमातलं काही नको. मी की-बोर्डवर एक भारदस्त इंग्रजी धून बसवली. अपेक्षानं नाक मुरडलं.

"आत्या, मले बाबाचं क्लॅरिनेट पाहिजे. सारंग. दुपारचं लगन हाय, त दुपारचाच राग पाहिजे."

बाबा म्हणजे माझा सायमनदादा. राजापेठेतल्या बँडमध्ये त्याची हयात गेली. अर्ध्या अमरावतीच्या वराती त्यानं मांडवापर्यंत पोचवल्या. नाचणारे रस्त्यात रेंगाळले की त्याचं डोकं फिरायचं. "चला बाप्पा, लगन लागू द्या!" असं ओरडून तो बँड पुढे काढायचा. पण सारंग ऐकावा तर त्याचाच. अकोल्याच्या शफीक उस्तादांनी त्याला तो रडवून रडवून शिकवला होता.

अडचण वेगळीच होती. आमच्यात नवरीला वेदीपर्यंत बाप घेऊन जातो. अपेक्षा जन्मली तेव्हापासून दादा त्या दिवसाची वाट बघत होता. कोटही शिवून आणला होता.

"वाजवू का पोरीचा हात धरू?" तो चिडून म्हणाला. "हात दोनच हायेत मले."

"आधी रेकॉर्ड करून ठेव," मी सुचवलं.

"बाप जिता हाय अन् त्याचा डबा वाजवता काय?"

शेवटी अपेक्षाच म्हणाली, "जाऊ द्या बाबा. तुमी माह्यासंगं चाला. आत्या वाजवते." दादा हसला खरा, पण त्याचं तोंड एवढंसं झालं. तिचंही. मला दोघांचा राग आला, आणि माझ्या की-बोर्डचाही.

लग्नाच्या दिवशी नवरदेव पियुषची मंडळी अकोल्याहून आली. शेतकरी, हिंदू घर. सगळे पहिल्यांदाच चर्चमध्ये, त्यामुळे अगदी गुपचूप बसलेले. पियुषची आजी मनकर्णाबाई पुढच्याच बाकावर होती. मी पट्ट्यांवर बोटं ठेवून दाराकडे पाहिलं, आणि दारातून सारंग आला.

दादा वाजवत चालत येत होता. त्याच्या कोपरात अपेक्षानं हात अडकवला होता. मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जन्मभर चालता चालताच वाजवलेला माणूस, आणि आम्ही महिनाभर डोकेफोड करत बसलो होतो. मला इतका आनंद झाला की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

अर्ध्या वाटेत दादा थांबला. वाजवणं चालूच. वरात थांबली की काय करायचं, हे अकोल्याच्या लोकांना कुणी सांगावं लागतं का? मनकर्णाबाई उठल्या, हात वर केले, आणि त्यांच्यामागे आख्खा बाक नाचायला लागला. मी घाबरून फादरांकडे पाहिलं. ते तोंडापुढे प्रार्थनेचं पुस्तक धरून हसत होते.

याला आज झालं तरी काय! मी हातवारे केले, चल पुढे! दादा हलेना. शेवटी अपेक्षानंच त्याला हळूच ओढलं.

जेवताना मी त्याला धारेवर धरलं. "जन्मभर लोकायले चला चला करत आला, अन् आज सोताच काहून थांबला?"

दादानं पानातली जिलेबी बाजूला सारली.

"मार्थे, तवा लोकायच्या पोरी होत्या," तो म्हणाला. "पुढं गेलं का लगन लागते, अन् लगन लागलं का पोरगी जाते. म्हून थांबलो जरासा."