चपलेच्या तळव्याचा शिक्का

नागपुरात रामदासपेठेतल्या हॉलमध्ये टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं. यमुताई मेश्रामांची चौकट दाराजवळच होती. विषय, स्काउट आणि गाइड. यमुताई शाळेत गाइडच्या कॅप्टन होत्या. शाळेनं त्यांना निवृत्त केलं, त्यांनी गाइडला अजून केलेलं नाही. जांबोरी मेळाव्यांची तिकिटं, वर्धापनदिनाची फर्स्ट डे कव्हरं, परदेशी तंबू-शेकोट्यांचे शिक्के, सगळं सोळा पानांवर इस्त्री केल्यासारखं लावलेलं. मी शेजारी, म्हणून तिकिटं अडकवायचे पारदर्शक कोपरे पुरवायच्या कामावर.

सोळावं पान मात्र वेगळं होतं. त्यावर पुठ्ठ्याची कार्डं होती, मुलींच्या घरून मागून आणलेली. चाळीसेक वर्षांपूर्वी उमरेडजवळ यमुताईंच्या गाइडचं शिबिर लागलं, आणि टपालपेटी कोसावर. तेव्हा मुलींनी स्वतःचंच पोस्ट काढलं. रंगीत खडूनं तिकीट रंगवलं, रबरी चपलेचा तळवा कापून तंबूचा शिक्का केला, तेलात तव्याची काजळी कालवून शाई केली आणि कार्डं नागपूरच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिली. सगळी पोचली. टपालखात्याबद्दल मला आदर आहे, म्हणून तुलना करत नाही.

प्रदर्शनाचे सचिव श्रीधरराव आले. गळ्यात भिंग, हातात नियमावली. माणूस सज्जन, नियमांपलीकडे व्यसन नाही.

“ताई, चौकट सुवर्णपदकाची आहे. फक्त हे शेवटचं पान काढा. अनधिकृत साहित्य आहे. परीक्षकांनी पाहिलं तर सगळीच चौकट बाद करतील.”

“काहून? तिकीट हाय, शिक्का हाय, पत्ता हाय, पत्र पोचलं. अजून पोस्टानं काय करायचं असते?”

“पण ते सरकारनं काढलेलं नाही.”

“सरकार शिबिराले आलंच नव्हतं गा. आमंत्रण देल्लं होतं.”

“एका चपलेपायी पदक घालवता, ताई?”

पदक यमुताईंना हवं होतं. कपाटात त्याच्यासाठी जागाही रिकामी करून ठेवली होती. पण ती कार्डं लिहिणाऱ्या पोरी, आता नातवंडंवाल्या, आज येणार होत्या. उमरेडहून जिजाबाई सकाळच्या गाडीनं निघालीसुद्धा होती. तुमचं पोस्ट भिंतीवर लागलं, असं यमुताईंनी त्यांना कळवलं होतं.

“नियम दाखवा बरं.”

श्रीधररावांनी आनंदानं दाखवला. बाद चौकटीचं परीक्षण होणार नाही, असं छापलं होतं.

“भिंतीवरून उतरवा, असं कुठं हाय?”

श्रीधररावांनी पान उलटलं. मग मागचं उलटलं. “तसं… नाही.”

“मंग ठीक हाय.”

यमुताईंनी चौकट उघडली, पहिलं पान काढून माझ्या हातात दिलं. मग दुसरं. मग तिसरं.

“अहो, ही कशाला काढता? ही तर अधिकृत आहेत!”

“ह्यायच्यापायीच माह्या पोरींले बाहेर काढून राहिले ना तुम्ही? आता तपासा म्हणा परीक्षकाले, काय तपासायचं ते.”

कार्डांचं पान त्यांनी मधोमध लावलं. चहूकडे पांढरी जागा. परीक्षक आले, पुढून पाहिलं, वाकून पाहिलं, बाद करायला काही शिल्लक नाही हे लक्षात आल्यावर शेजारच्या चौकटीकडे वळले. शेजारी कमळांची तिकिटं होती. सोनं कमळांना गेलं.

दुपारी जिजाबाई तीन मैत्रिणींना घेऊन आली. स्वतःचं कार्ड सापडताच तिनं हॉलभर ऐकू जाईल असं वाचलं, “आई, भाजीत मीठ नसते. रातच्याले कोल्हा ओरडते. मले न्यायले येऊ नको.”

चौघी अशा हसल्या की दारावरचा पहारेकरी डोकावला.

“बाई, बाकीचं कुठं गेलं तुमचं?” जिजाबाईनं विचारलं.

“ह्यायच्या पिशवीत,” यमुताईंनी माझ्याकडे बोट केलं.

“आन् पदक?”

“नाही भेटलं वं.”

जिजाबाईनं श्रीधररावांच्या छातीवरचा बिल्ला पाहिला. “काहून साहेब? पत्र तं पोचलं होतं!”

श्रीधररावांनी नियमावली चाळली. त्यात जिजाबाईसाठी कलम नव्हतं. “जरा बाजूला व्हा,” ते हळूच म्हणाले, “लोकांना शेजारची सुवर्णपदकाची चौकट दिसत नाही.”

चौघीही हलल्या नाहीत.

“मंग त्यायले सांगा, इकडची पाहा,” यमुताई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून पांढऱ्या चौकटीखाली ऐसपैस बसल्या.